मेरीलँडचे बारा मैल

डेल्बर्ट ओव्हरबेने व्हर्ना स्ट्राइटबाईंकडे जेवायला जायचं चौथ्यांदा नक्की केलं, तेव्हा व्हर्जिनियातल्या चिल्होवी गावात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या वेळेस वाजवल्या होत्या. दुसऱ्या वेळेस डार्लीनने आपल्या हॉटेलात त्याला सफरचंदाचा केक फुकट खाऊ घातला होता. तिसऱ्या वेळेस ती नुसतं "बरं" म्हणाली होती. या खेपेस तिने मानही वर केली नाही. विचारलं, "अंडी कशी देऊ, राजा?"

डेल्बर्टचा स्वभावच घाईचा नव्हता. सफरचंदांच्या शीतगृहात त्याने चौतीस वर्षं नोकरी केली होती. ऑक्टोबरात आलेलं फळ मे महिन्यापर्यंत जसंच्या तसं ठेवायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर हीच पद्धत त्याने उरलेल्या आयुष्याला लावली. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको ग्लॅडिस गेली, तेव्हापासून तर घरातली एक खुर्चीसुद्धा त्याने जागची हलवली नव्हती.

व्हर्नाबाईंची ओळख झाली ती घेवड्यामुळे. ग्लॅडिसच्या हातचं घेवड्याचं बियाणं एका हिवाळ्यात उंदरांनी फस्त केलं. डेल्बर्टने शेतीच्या साप्ताहिकात तीन ओळींची जाहिरात दिली: चकचकीत शेंगेचा, जांभळ्या दाण्याचा वेली घेवडा हवा आहे, दोन वर्षं शोधतो आहे. महिन्याभराने मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनहून एक पाकीट आलं. आत बावीस दाणे आणि एक चिठ्ठी. "तेवीस पाठवणार होते. एक चावून बघितला. तुम्ही म्हणता तोच आहे. – व्हर्ना स्ट्राइट."

डेल्बर्टने आभाराचा फोन केला. तो पंचावन्न मिनिटं चालला. पुढे दर रविवारी, चर्च सुटल्यावर, फोन होऊ लागला. घेवडा उगवला, मांडवावर चढला, फुलला, शेंगांना आला. आणि फेब्रुवारीत 'मिसेस स्ट्राइट' असलेल्या बाई जुलैपर्यंत 'मिस व्हर्ना' झाल्या. त्या भागात हा मोठाच पल्ला समजतात.

मग त्यांनी जेवायला बोलावलं. पहिल्या वेळेस डेल्बर्टच्या पिकअपचं इंजिन बिघडलं. दुसऱ्या वेळेस त्याच्या कमरेत उसण भरली. तिसऱ्या वेळेस, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, थंडीच्या कडाक्याने घेवडा जळेल अशी त्याला धास्ती वाटली. व्हर्नाबाईंनी आयुष्यभर घेवडा लावलेला. "ऑगस्टात?" एवढंच त्यांनी विचारलं.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, "डेल्बर्ट, येत्या शनिवारी दुपारी बाराला मी दोन पानं वाढणार आहे. माझ्या समोरची खुर्ची रिकामी राहिली, तर मी रागावणार नाही. दरवर्षी तुम्हाला बियाणं पाठवीन. पण रविवारी फोन उचलणार नाही. मला इतरही कामं असतात."

"मी येतो, मिस व्हर्ना."

"ते शनिवारी कळेलच."

फोन ठेवल्यावर डेल्बर्टचा हात आपोआप उजव्या कमरेकडे गेला. तिथे पिस्तूल होतं. खरी अडचण तीच होती. इंजिन आणि उसण ही तिची टोपणनावं होती.

पिस्तूल त्याने सत्तावीस वर्षांपूर्वी घेतलं, कारण शेजारच्या होबार्ट स्टर्गिलने घेतलं. होबार्टने का घेतलं, ते होबार्टला आठवत नाही. तेव्हापासून ते डेल्बर्टच्या कमरेला होतं: दुकानात, चर्चमध्ये, घेवड्याच्या मांडवाखाली. इतक्या वर्षांत नेमबाजीच्या मैदानाबाहेर ते एकदाच उडालं. शेंगा कुरतडणाऱ्या एका लठ्ठ घुशीवर त्याने नेम धरला आणि पक्ष्यांना पाणी प्यायचं दगडी भांडं फुटलं. घुशीने आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि उरलेली शेंग संपवली.

शस्त्र बाळगतात, भीती बाळगतात आणि आशाही बाळगतात. तिघांना मिळून एकच क्रियापद पुरावं यात भाषेची काटकसर आहे की कुचेष्टा, ते भाषेलाच माहीत. डेल्बर्ट मात्र तिन्ही एकाच पट्ट्यात खोचून हिंडत असे.

तर असा हा माणूस. व्हर्जिनियाच्या परवान्यावर त्याला व्हर्जिनियात कुणी हटकणार नव्हतं, पुढे वेस्ट व्हर्जिनियातही नाही. त्यापुढे मेरीलँड लागतं. तिथे त्याचा परवाना म्हणजे कागदाचा तुकडा. गंमत अशी, की महामार्गाला मेरीलँड आडवं येतं ते अवघं बारा मैल. पोटोमॅक नदी ओलांडली की सुरू आणि पेनसिल्व्हेनिया आलं की संपलं. पायजम्याची नाडी असावी तसं ते राज्य तिथे अरुंद आहे. आणि व्हर्नाबाई राहत होत्या नेमक्या त्या नाडीच्या गाठीवर.

सोमवारी सकाळी होबार्टने डार्लीनच्या टेबलावर नकाशा पसरला. त्यात कायद्याने मवाळ राज्यं हिरवी होती, कडक राज्यं लाल. नकाशा प्लास्टिकमध्ये मढवलेला होता. होबार्टच्या घरात इतक्या इतमामाने मढवलेली दुसरी वस्तू म्हणजे त्याच्या आईचा फोटो.

"हे बघ," होबार्टने लाल पट्टीवर काटा टेकवला. काट्याला ग्रेव्ही होती. "नुसता पार होणार असशील, तर काही चिंता नाही. गोळ्या काढायच्या. पिस्तूल एका पेटीत, गोळ्या दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलूप. दहा मिनिटांत पलीकडे."

"मला पार व्हायचं नाहीये, होबार्ट. मला थांबायचंय."

"तिथेच तर मेख आहे." होबार्टचा आवाज खाली आला. कायद्यावर बोलताना त्याचा आवाज नेहमीच खाली येई. त्यामुळे आजूबाजूची टेबलं गप्प होऊन ऐकत. "पेट्रोलला थांबलास, चालतं. लघवीला थांबलास, चालतं. सँडविच गाडीत बसून खाल्लंस, तेही चालतं. पण टेबलावर बसून जेवलास, की तू प्रवासी राहिला नाहीस. पाहुणा झालास."

"आणि पाहुण्याला?"

"पाहुण्याला माफी नाही. त्यातून दुसऱ्यांदा वाढून घेतलंस, तर तू तिथला रहिवासीच!"

"हे कायद्यात लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं रे सगळं. समजून घ्यायचं असतं."

कॉफी ओतता ओतता डार्लीन म्हणाली, "मी म्हणते, घरी ठेवून जावं ना ते."

टेबलावरच्या सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने डेल्बर्टला दात घरी ठेवून जायला सांगितलं होतं.

"हेगर्सटाउनला?" होबार्ट म्हणाला. "अगं, तिथे सिग्नल आहेत! एका मागोमाग एक! माणूस नुसता उभा असतो तिथे गाडीत. कोणीही येऊन काचेवर टकटक करू शकतं."

"मग काच खाली करून 'काय हवं' म्हणून विचारावं."

"बाई," होबार्ट खिन्नपणे म्हणाला, "तू अंडी कर."

डेल्बर्टने अगदीच प्रयत्न केला नाही, असं नाही. मंगळवारी त्याने पिस्तूल काढून ओट्यावर ठेवलं आणि टपालपेटीपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. अंतर साठ पावलं. तिसाव्या पावलाला त्याची विजार उजवीकडून खाली घसरली. इतक्या वर्षांत पट्टा त्या वजनाच्या हिशेबाने वाकला होता आणि वजन नसताना काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विजार सावरत तो टपाल घेऊन घरी परतला. टपालात फक्त श्रवणयंत्राची जाहिरात होती.

बुधवारी त्याने मेरीलँडच्या एका सरकारी कचेरीत फोन लावला. तिथला माणूस अदबीने म्हणाला की आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही, वकिलाला विचारा. डेल्बर्टने होबार्टच्या वकील भाच्याला विचारलं. तो म्हणाला की मेरीलँडचा कायदा आपण करत नाही, तिथल्या कचेरीत विचारा.

आणि खुद्द व्हर्नाबाईंना विचारावं? ते तर शक्यच नव्हतं. स्ट्राइट हे मेनोनाइट पंथातलं आडनाव. शस्त्र हातात धरणं पाप, असं मानणाऱ्या माणसांचं. बाई चर्चला दुसरीकडे जात, पण त्यांचा दिवंगत नवरा उंदराच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर शेजारच्या शेतात नेऊन सोडत असे, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. अशा घरात 'मी पिस्तूल बाळगतो' हे सांगायचं कसं? आणि पिस्तुलाशिवाय त्या घराच्या पायऱ्या चढायच्या, हातात घेवड्याचं पाकीट घेऊन, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, विजार सावरत, तेही कसं?

शुक्रवारी संध्याकाळी होबार्टने दोन कुलूपबंद पेट्या आणून दिल्या. एक मासेमारीच्या गळांची, दुसरी त्याच्या बायकोच्या शिवणाची. शिवणाच्या पेटीवर गुलाबाची फुलं होती.

"गोळ्या यात," होबार्ट म्हणाला. "कुणाला संशय येणार नाही. दर तासाला मला फोन कर. आणि नदी ओलांडायच्या आधी शेवटचा फाटा आहे ना, फॉलिंग वॉटर्सचा, तिथे थांब. सगळे तिथेच थांबतात."

शनिवारी सकाळी साडेपाचला डेल्बर्ट निघाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, बाजूच्या सीटवर या वर्षीच्या घेवड्याचं पाकीट आणि वाळवलेल्या सफरचंदाच्या सारणाचा सात थरांचा केक. केक डार्लीनने दिला होता. देताना म्हणाली होती, "या खेपेला परत आलास, तर केक माझ्याकडे आणू नकोस. तसाच पुढे जा."

तीनशे मैल व्हर्जिनिया. त्या रस्त्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी सोबत चालतात आणि ट्रक दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. डेल्बर्ट पंचावन्नच्या वेगाने जात राहिला. मनात वाक्य जुळवत होता. 'मिस व्हर्ना, एक सांगायचं राहिलं.' मग ते खोडून, 'मिस व्हर्ना, तुमचा मांडव छान आहे.' वेस्ट व्हर्जिनिया लागलं तेव्हा त्याच्याकडे मांडवाबद्दलची चार वाक्यं तयार होती आणि पिस्तुलाबद्दल एकही नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो शेवटच्या फाट्याला वळला.

पेट्रोलपंपामागच्या मोकळ्या जागेत नऊ गाड्या उभ्या होत्या. होबार्ट म्हणाला होता ते खरं होतं. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी माणसं आपापल्या गाडीमागे उभी राहून कमरेशी खुडबुड करत होती. उत्तरेकडे जाणारे काढून ठेवत होते, दक्षिणेकडे जाणारे पुन्हा चढवत होते. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. पोहायच्या तलावावर कपडे बदलताना जो शिष्टाचार असतो, तोच इथे होता. चढवून झालेला एखादा पट्टा सारखा करून सुस्कारा टाकी आणि नवा जन्म झाल्यासारखा बर्गर आणायला जाई.

डेल्बर्टनेही पिस्तूल काढलं. गोळ्या गुलाबांच्या पेटीत गेल्या, पिस्तूल गळांच्या पेटीत गेलं. दोन्ही पेट्या पिकअपच्या हौद्यातल्या मोठ्या लोखंडी पेटीत गेल्या. त्या पेटीलाही कुलूप. एका हाताने त्याने विजार धरली.

शेजारच्या गाडीवर पेनसिल्व्हेनियाची पाटी होती. मासे धरायची टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस आपली डिकी बंद करत होता. त्याने मान हलवली.

"बारा मैल?"

"बारा मैल," डेल्बर्ट म्हणाला.

"दहा मिनिटांचं काम. रेडिओवर तीन गाणी."

"मला मध्ये थांबायचंय. जेवायला."

टोपीवाला जागच्या जागी थबकला. "जेवायला? किती वेळ?"

"सांगता येत नाही. बाई आहेत."

"अरेरे," टोपीवाला म्हणाला. तो खरोखर हळहळला होता. "माझा एक चुलतभाऊ असाच थांबला होता. लग्नाला गेला होता."

"मग काय झालं?"

"लग्न लागलं. तिकडेच राहतो आता."

डेल्बर्ट पिकअपच्या पायरीवर बसला. सव्वाअकरा. साडेअकरा. समोर पूल दिसत नव्हता, पण महामार्गावरचे ट्रक पुलावर चढताना वेगळे गुरगुरत, ते ऐकू येत होतं. पिस्तूल घेऊन जायचं तर कायदा. ठेवून जायचं तर कुठे? टोपीवाल्याने सुचवलं की झाडीत पुरावं. मग आपलं आपणच खोडलं. तिथे आधीच कुणीतरी खणत होतं. माघारी फिरायचं, तर चिल्होवीपर्यंत साडेपाच तास, डार्लीनचा केक मांडीवर, आणि उद्याच्या रविवारी चर्च सुटल्यावर एक फोन, जो पलीकडे कुणी उचलणार नाही.

ते शेवटचं त्याने मनात एकदा ऐकून पाहिलं. फोन वाजतोय, वाजतोय. ग्लॅडिस गेल्यापासून त्याच्या घरात शांतता पुष्कळ होती. त्यात आणखी भर घालायला जागा नव्हती.

पावणेबाराला त्याने फोन लावला.

"कुठे आहात?" व्हर्नाबाईंनी विचारलं. मागे भांड्याचा आवाज येत होता.

"जवळच. आठ मैलांवर."

"नदीच्या कुठल्या बाजूला?"

"अं... वेस्ट व्हर्जिनिया."

"इंजिन?"

"नाही."

"कंबर?"

"नाही, मिस व्हर्ना. एक सांगायचं होतं. आधीच सांगायला हवं होतं. तीनही वेळा तेच कारण होतं." डेल्बर्टने डोळे मिटले. टोपीवाल्याने, काही न ऐकल्यासारखं करत, एक पाऊल जवळ घेतलं. "मी पिस्तूल बाळगतो. सत्तावीस वर्षं. ते तुमच्या राज्यात चालत नाही. आणि ते सोडून मला कुठे जाता येत नाही."

"एवढंच?" व्हर्नाबाई म्हणाल्या.

"एवढंच म्हणजे?"

"अहो, आठ महिने मला वाटत होतं, तुमच्या घरात बायको आहे!"

"ग्लॅडिस गेली सहा वर्षांपूर्वी. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"तुम्ही सांगितलं होतं. पुरुष सांगतात तसं. माझ्या बहिणीला एकाने सांगितलं होतं, बायको गेली. ती बाजारात गेली होती." बाई हसू लागल्या, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. "पिस्तूल! अहो, माझ्या भावाकडे सात आहेत. मला त्यांची भीती नाही वाटत. तो त्यांच्याबद्दल बोलायला लागला की वाटते."

"मी नाही बोलणार."

"नका बोलू. आता तिथेच थांबा. हलू नका. हे मात्र तुम्हाला छान जमतं."

बारा वाजायला सात मिनिटं असताना करड्या रंगाची एक जुनी ब्यूक दोन गाड्यांच्या जागेत तिरकी घुसली आणि करकचून थांबली. तीन माणसांनी घाईघाईने पट्टे झाकले. आतून एक ठेंगणी, आखूड पांढऱ्या केसांची बाई उतरली. अंगावर एप्रन तसाच. तिने नऊ गाड्यांवरून नजर फिरवली. इस्त्रीचा शर्ट घालून विजार धरलेला माणूस एकच होता.

"डेल्बर्ट."

"मिस व्हर्ना."

मांडवाबद्दलची चारही वाक्यं डेल्बर्ट विसरला होता. तसाही तिथे मांडव नव्हता.

"तुम्ही आवाजाने उंच वाटत होता," व्हर्नाबाई म्हणाल्या. "असू दे. कुठेय ते?"

त्याने हौद्यातली लोखंडी पेटी दाखवली, तिच्या आतल्या पेट्यांचं वर्णन केलं, गुलाबांसकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पेटीला कुलूप आहे."

"तीन कुलपं आहेत."

"ट्रकला आहे?"

"आहे की."

"मग लावा, आणि माझ्या गाडीत बसा. चकोल्या रश्श्यात पडल्यात. फार वेळ राहिल्या तर लगदा होतो."

डेल्बर्टला वाक्य समजलं नाही. त्याने टोपीवाल्याकडे पाहिलं. टोपीवाल्यालाही समजलं नव्हतं. मग हळूहळू दोघांच्याही चेहऱ्यांवर अर्थ उतरला.

"ट्रक?" टोपीवाल्याने टोपी काढली. "बाई, ट्रक इथे सोडून?"

"पळून जाणार आहे का तो?"

"तसं नाही, पण... ट्रक!"

लाल-हिरव्या नकाशावर आठवडाभर काटा फिरला होता. कचेरीला विचारून झालं होतं, वकिलाला विचारून झालं होतं. अख्ख्या चिल्होवी गावाने डोकं चालवलं होतं. पिस्तूल डिकीत, पेटीत, झाडीत, होबार्टच्या बायकोच्या गुलाबांत, सगळीकडे ठेवून पाहिलं होतं. ते ज्यात आहे ती गाडीच मागे ठेवून माणसाने पुढे जावं, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. येणार कसं? पिस्तूल बाळगून डेल्बर्टला सत्तावीस वर्षं झाली होती. पिकअपशिवाय तो सोळाव्या वर्षापासून कुठे गेला नव्हता. लग्नाला तो पिकअपमधून गेला. ग्लॅडिसला माती द्यायलाही, चर्चची काळी गाडी दाराशी उभी असताना, तिच्या मागे आपला पिकअप घेऊन गेला.

"मला दुसऱ्याच्या गाडीत बसायची सवय नाही," तो म्हणाला.

"मलाही दुसऱ्याचं पान वाढायची राहिलेली नाही." व्हर्नाबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बाराला पाच कमी. मी सांगितलं होतं ते सांगितलं होतं, डेल्बर्ट. रागावणार नाही. पण हात धरूनही नेणार नाही."

त्या जाऊन ब्यूकमध्ये बसल्या आणि त्यांनी इंजिन चालू केलं. दार मात्र आतून उघडून ठेवलं, चालवणाऱ्याचं डावीकडचं नव्हे, शेजारी बसणाऱ्याचं उजवीकडचं.

डेल्बर्टने पिकअपकडे पाहिलं. सहाशे वेळा धुतलेला, उजव्या दारावर घेवड्याच्या वेलीसारखा ओरखडा असलेला. मग ब्यूककडे पाहिलं. मग आपल्या विजारीकडे. मोकळ्या जागेतली सगळी खुडबुड थांबली होती. नऊ गाड्यांची माणसं, काढलेली आणि चढवलेली, त्याच्याकडे पाहत होती.

त्याने केक आणि घेवड्याचं पाकीट बाहेर काढलं. दार बंद केलं. कुलूप लावलं. ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं.

"मी आहे इथे अर्धा तास," टोपीवाला टोपी पुन्हा चढवत म्हणाला. "लक्ष ठेवतो. माझी बायको आत दुकानात आहे. घाई नाही."

ब्यूकची उजवी सीट पुढे ओढलेली होती आणि तिचा खटका मोडलेला होता. डेल्बर्टचे गुडघे हनुवटीला लागले आणि त्यांच्यावर सात थरांचा केक बसला. हात कुठे ठेवावेत कळेना. समोर चक्र नव्हतं, नुसती सपाट फळी. व्हर्नाबाईंनी गिअर टाकला आणि एका ट्रकच्या नाकासमोरून महामार्गावर घुसल्या.

पोटोमॅकचा पूल आला, खाली नदी आली आणि गेली. मेरीलँडने स्वागताची पाटी लावली होती. ती वाचायच्या आत मागे पडली. वेगाचा काटा ऐंशीच्या पुढे थरथरत होता. डेल्बर्टने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"घाबरलात?" व्हर्नाबाई म्हणाल्या.

"हो."

"मेरीलँडला?"

"नाही. तुमच्या गाडी चालवण्याला."

"चांगलं आहे. निदान कारण खरं आहे." त्यांनी डावीकडची रांग घेतली. "उजवीकडे बघा जरा, कुणी येतंय का. तुम्ही नुसते बसायला नाही आलात."

डेल्बर्टने वळून पाहिलं. कुणी येत नव्हतं. त्याने तसं सांगितलं आणि बाईंनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी उजवीकडे घातली. ते त्याला फार आवडलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तो पुढच्या फाट्यापर्यंत दर पाव मैलाला वळून पाहत राहिला, विचारलेलं नसतानाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. केक एका हाताने धरून त्याने तो कानाला लावला.

"अरे डेल्बर्ट!" होबार्टचा आवाज तापला होता. "तासाला फोन करायचं ठरलं होतं आपलं! दोन तास झाले. कुठे आहेस तू?"

"मेरीलँडमध्ये."

"पेट्या कुठेत?"

"ट्रकमध्ये."

"आणि ट्रक?"

"वेस्ट व्हर्जिनियात."

पलीकडे डार्लीनच्या हॉटेलातले काटे-चमचे थांबल्याचं ऐकू आलं. होबार्ट बोलू लागला, तेव्हा त्याचा आवाज कायद्यावर बोलताना यायचा तसा खाली आला होता.

"मग तू कशात आहेस? गाडी कोण चालवतंय? डेल्बर्ट, खरं सांग. पकडलं का तुला?"

डेल्बर्टने डावीकडे पाहिलं. व्हर्नाबाई एप्रनचा बंद दातात धरून, एका हाताने चक्र फिरवत, फाट्याच्या वळणावर ब्यूक घालत होत्या.

"हो," तो म्हणाला. "जेवायला नेतायत."